कोरड्या तळघराचे लांजेवारभाऊ

परवा पुतण्या घरी आला. वैशाली नगरात त्याचं कापडाचं दुकान आहे. दुकानाखाली तळघर आहे आणि पावसाळ्यात तिथल्या ताग्यांना कुबट वास धरतो. हवेतली ओल ओढून घेणारं मशीन घ्यायचं त्याच्या मनात होतं. निरनिराळ्या कंपन्यांची रंगीत पत्रकं त्याने माझ्यापुढे पसरली आणि म्हणाला, "काकाजी, तुमची जिंदगी अशा कामात गेली. यातलं कोणतं घेऊ ते सांगा."

मी पत्रकं गोळा करून बाजूला ठेवली. विचारलं, "बंद पडलं तर दुरुस्तीला कोण येतो आणि कुठून येतो? आणि बंद पडलं हे तुला कशावरून कळणार?"

त्याने पत्रकं पुन्हा चाळली. मशीन किती लिटर पाणी ओढतं, रंग कोणता, आवाज किती कमी, सगळं पत्रकांत होतं. हे दोन प्रश्न मात्र त्यात नव्हते. खरं तर ते माझेही नव्हते. ते लांजेवारभाऊंचे होते.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो होतो. आमचं घर तुमसरकडचं, शेतीचं. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हाही छाती काढून सांगत असे, आजही सांगतो. कमावलेली गोष्ट आहे, लपवायची कशाला? कारखान्यात विजेची जोडणी करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत मला स्टोअरमध्ये असिस्टंट म्हणून घेतलं. स्टोअरकीपर होते लांजेवारभाऊ.

ते साकोलीकडचे. उंच, पुढे झुकलेले, खांद्यावर दुपट्टा, धोतरावर खाकी शर्ट. बोलणं तिखट. हमालांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना एकाच तराजूत तोलायचे, आणि माप बहुधा कमीच भरायचं. मी पहिल्या दिवशी हजर झालो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कॉलेज शिकून आले म्हणता?"

"हो. बी.एस्सी."

"बरं झालं. इथं सगळे अंदाजानं बोलून राहिले. कोणी तरी मोजणारा पाह्यजे होता."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

त्यांचा आवडता शब्द एकच, "दाखव." कोणी म्हणालं, गाडी खाली झाली, की भाऊ म्हणणार, "दाखव." कोणी म्हणालं, कुलूप लावलं, की "दाखव." मग स्वतः जाऊन कुलूप ओढून बघणार. हमाल मागे त्यांना दाखवभाऊच म्हणायचे. भिलाईजवळचं रिसाली तेव्हा खेडंच होतं. तिथे दोन खोल्या घेऊन भाऊ राहत. त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा यमुनावहिनींनी स्वयंपाक तयार असल्याचं सांगितलं आणि भाऊ सवयीने चुलीकडे वळले. वहिनी मला म्हणाल्या, "पाहा तुमच्या भाऊले. भात झाला म्हटलं तरी झाकण उघडून पाह्यतात. लग्नात अंतरपाट धरला होता, तवाही वरून डोकावून पाह्यलं होतं."

"मंग?" भाऊ झाकण हातात धरून म्हणाले. "जलमभराचा सौदा होता. पाहू नाई?"

आमचं स्टोअर म्हणजे एका अर्धवट इमारतीचं तळघर. वर भिंतींचं काम चाललेलं. डोक्यावर पक्का स्लॅब असलेली जागा आमच्याकडे तेवढीच. त्या तळघरात विजेची कंट्रोल पॅनेलं उतरवली होती. लोखंडी कपाटांसारखी दिसणारी, आत तांब्याच्या तारांचं जाळं आणि बोटाएवढे नाजूक स्विच. परदेशातून जहाजाने आणि मग रेल्वेने आली होती. ती जिथे बसवायची ते घर अजून बांधून व्हायचं होतं. म्हणजे एक अख्खा पावसाळा ती आमच्याकडे राहणार होती. ओल शिरली की तारांच्या वेष्टणातून वीज झिरपते आणि स्विचांवर हिरवट बुरशीसारखं चढतं. मग ते पॅनेल भंगार. दुसरं येईपर्यंत काम ठप्प.

तळघरात उतरताना चपला-बूट वरच काढायचे, हा भाऊंचा नियम. जिन्याच्या तोंडाशी गोणपाट टाकलेलं होतं, छत्र्यांसाठी भिंतीला खिळे. त्या दिवसांत भिलाईत जिकडे पाय टाकाल तिकडे लाल मुरमाचा चिखल. भाऊ म्हणत, "पायासंग पाणी खाली जाते. थेंब थेंब म्हणता म्हणता घागर होते बापा." एकदा एक रशियन इंजिनिअर दुभाष्याला घेऊन पॅनेलं बघायला आला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट. भाऊ जिन्यावर आडवे उभे राहिले. दुभाष्या हिंदीत म्हणाला, "अरे, ये बड़े इंजीनियर हैं."

"होंगे," भाऊ म्हणाले. "बूट तो छोटे नहीं हैं न उनके?"

दुभाष्याने काय भाषांतर केलं देव जाणे, पण तो गोरा माणूस खो खो हसला, पायरीवर बसला आणि बूट ओढून काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. भाऊंनी ते पाहिलं आणि पुढे जाऊन स्वतः त्याला दार उघडून दिलं.

ओल किती आहे हे बघायला भाऊंचं साधन होतं पापड. यमुनावहिनींचे उडदाचे पापड तळघराच्या प्रत्येक कोपऱ्यात दोऱ्याने टांगलेले असायचे. पापड वाकला म्हणजे हवा ओली, कट्‌कन मोडला म्हणजे कोरडी. हमालांनी खाऊ नयेत म्हणून प्रत्येकावर निळ्या शाईचा ठिपका. मी नागपूरहून येताना दोन थर्मामीटर आणले होते. एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं, दुसरं कोरडं ठेवायचं. दोन्हींच्या आकड्यांतलं अंतर जितकं कमी, तितकी हवा ओली. मी ते पापडाशेजारी टांगले. भाऊंनी हरकत घेतली नाही.

जून सरता सरता पाऊस लागला आणि भाऊंनी तळघराची दारं-झरोके सताड उघडले. आमच्याकडची सगळी मंडळी शेतकरी घरची. धान असो, डाळ असो, अंथरूण असो, ओल दिसली की उघडं करा, हवा लागू द्या. घरोघरचा इलाज. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दोन दिवसांत भिंतींना घाम फुटला. पापड पोळीसारखे लोंबायला लागले.

मी म्हणालो, "भाऊ, दारं बंद करा. बाहेरची हवा पाण्यानं भरलेली आहे. खालच्या भिंती थंड आहेत. ती हवा भिंतीला लागली की पाणी सोडते. आपणच पाणी आत बोलावतो आहोत."

"काहीही सांगता. बंद खोलीतच तर ओल धरते. माह्या बापानं जलमभर कोठ्या उघडून सुकवल्या."

"उन्हाळ्यात सुकवल्या असतील. पावसात नाही."

ते थांबले. मग अपेक्षित शब्द आला. "दाखवा."

तळघराला दोन खोल्या होत्या. एक बंद केली, फटींत चिंध्या कोंबल्या. दुसरी उघडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आधी बंद खोलीत गेले, मग उघड्या खोलीत. दोन्हीकडचे पापड हातात घेऊन जिना चढून वर आले. पाऊस थांबायची वाट बघत हमाल बसले होते, त्यांच्यापुढे उभे राहिले.

"ऐका रे सगळे. दारं म्याच उघडाले सांगितली होती. माही चूक होती. हे बी.एस्सी.वाले बराबर निघाले. आता याच्यापुढं जो दार उघडं ठेवन, त्याले मी या खोलीत कोंडीन."

चूक कबूल करताना आवाज इतका मोठा, की ऐकणाऱ्याला वाटावं शिवीगाळच चालली आहे. मी बरोबर सांगितलं होतं, आणि ते चारचौघांत मान्य झालं. मला ते आवडलं. का आवडू नये?

पण नुसत्या बंद दारांनी भागलं नाही. ओल फरशीतूनही वर येत होती. ओल शोषायला चुनकळीची घमेली ठेवली, चुन्याचाच भुगा झाला. कोणी म्हणालं कोळशाच्या शेगड्या पेटवा, तर बंद जागेत माणूस गुदमरायचा. शेवटी आमच्या कंपनीच्या साहेबांनी ठरवलं, हवा सुकवायचं मशीन घ्यायचं. नाव मोठं, डीह्युमिडिफायर. भाऊंनी ते एकदा म्हणून पाहिलं आणि पुढे ते कायम "सुकवणी"च म्हणत राहिले.

दोन कंपन्यांनी आपापली मशीनं चाचणीला पाठवली. पहिलं कलकत्त्याहून आलं. कपाटाएवढं, आत ओल शोषणारे खडे. खडे ओले झाले की आतला हीटर त्यांना तापवतो आणि वाफ एका नळीने बाहेर जाते. समोर हिरवा दिवा. सोबत टाय लावलेला विक्रेता. दुसरं मशीन छोटं, दिसायला ओबडधोबड. आत फ्रिजसारखी थंड नळी. हवा तिला लागली की पाणी टपटप खाली ठेवलेल्या बादलीत पडायचं.

साहेबांचं मन मोठ्या मशीनवर बसलं होतं. मी आकडे मांडून सांगितलं होतं की आपल्याकडे पावसाळ्यात हवा गरम आणि ओली असते, अशा हवेत थंड नळीचं मशीन चांगलं चालतं. कडक थंडीत त्या नळीवर बर्फ धरेल, पण आपल्याला थंडीसाठी घ्यायचंच नाही. साहेब म्हणाले, "देखेंगे."

भाऊंनी विक्रेत्याला विचारलं, "ये बिगड़ गया तो कौन आएगा?"

"कलकत्ते से हमारा आदमी आएगा. दस-पंद्रह दिन में."

"अच्छा. तो तब तक मैं बारिश को बोल दूँगा, रुको बहनजी, आदमी रेल में बैठा है."

साहेबांनाही हसू आवरेना. पण भाऊ हसत नव्हते. "और बिगड़ गया ये मुझे कैसे मालूम पड़ेगा?"

"हरी बत्ती देखिए. आवाज़ सुनिए. चलता रहेगा तो घुर्र-घुर्र आवाज़ आएगी."

घुर्र शब्द ऐकला आणि भाऊंचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे वळले. "याच्या आतला हीटर बंद करता येते का, पंखा चालू ठेवून?"

हीटरचा फ्यूज वेगळा होता, मी पाहून ठेवला होता. मी तो काढला. हिरवा दिवा तसाच. पंखा तसाच. घुर्र-घुर्र आवाज तसाच. विक्रेता टायशी चाळा करत म्हणाला, असं सहसा होत नाही.

त्याला चहाला पाठवल्यावर भाऊंनी साहेबांना आणि मला त्यांची जुनी गोष्ट सांगितली. भिलाईला येण्याआधी ते रायपूरकडे एका तांदळाच्या गिरणीत गोदाम सांभाळायचे. गोदामाला हवा खेचणारा पंखा होता, मोटर बाहेर आणि पंखा आत, मध्ये पट्टा. भाऊ रोज बाहेरून जाता-येता मोटरचा आवाज ऐकायचे आणि निश्चिंत व्हायचे. त्या पावसाळ्यात पट्टा तुटला. मोटर फिरत राहिली. गोदाम उघडलं तेव्हा आतली पोती दगडासारखी झाली होती, आणि वास असा की हमाल मागे सरले. मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं, याच्या हाताखाली काही कोरडं राहत नाही. त्याच दिवशी घरी पाठवलं. गावातही ते वाक्य त्यांच्या आधी पोहोचलं.

"घुर्र आवाज येऊन राहिला होता ना साहेब," भाऊ म्हणाले. "रोज येऊन राहिला होता. म्हणून मले आवाज नाई पाह्यजे. मले पाणी पाह्यजे, बादलीत. डोळ्यानं दिसणारं."

मग त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. मोठं एक घेण्याऐवजी छोटी दोन घ्या. एक बिमार पडलं तर दुसरं उभं राहील. आणि हे मशीन बिघडलं तर शेजारच्या दुर्गच्या बर्फ कारखान्यातला मिस्त्री उघडू शकतो, त्याला आपण विचारून आलो आहोत. दाखवा म्हटलं तर आणूनही दाखवतो.

साहेब म्हणाले, "ठीक है लांजेवारजी. छोटी दो. लेकिन एक भी पॅनेल खराब निकला तो मैं आपको बचा नहीं पाऊँगा. जिम्मेदारी आपकी."

"माहीच," भाऊ म्हणाले. हिंदीत सांगायचंही त्यांना सुचलं नाही.

मशीनं बसली. छोट्या मशीनच्या कंपनीच्या माणसाने पाण्याला नळी जोडून थेट गटारात सोडली होती, म्हणजे बादली उपसायची कटकट नको. भाऊंनी ती काढून टाकली. मशीनं आणि त्यांच्या बादल्या पॅनेलांपासून दूर, दाराच्या काचेपाशी अशा ठेवल्या की पहाऱ्यावरच्या माणसाला आत न शिरता दिसाव्यात. आमचा पहारेकरी दुकालू, इथलाच छत्तीसगढी. भाऊंनी त्याला पढवलं, "कान बंद ठेव. बादली पाह्य. थेंब पडते का नाई पडत, इतकंच मले सांग." बादल्या रोज भरत. पापड कडक राहू लागले. थर्मामीटरमधलं अंतर वाढलं. मला वाटलं, सुटलो.

भाऊंना तसं वाटलं नसावं. त्या पावसाळ्यात ते अर्धं जेवायचे. वहिनी म्हणायच्या, "तळघरात पॅनेल हाये का पोरगी बाळंतपणाले आली हाये, काई समजत नाई."

पोळ्याच्या दिवशी भाऊंनी मला जेवायला बोलावलं. बाहेर धो धो पाऊस. पुरणपोळीवर वहिनी तूप वाढत होत्या, इतक्यात दारात सायकल आदळली. दुकालू, नखशिखांत भिजलेला.

"भाऊ, एक बाल्टी मा पानी नइ गिरत हे."

"अन् दुसरीत?"

"दूसर मा गिरत हे."

भाऊ ताटावरून उठले. वहिनींनी ताट झाकून ठेवलं. मीही उठलो. आम्ही सायकलींवर चिखलातून गेलो. भाऊंची छत्री वाटेतच उलटी झाली. वाटलं, आज तरी हा माणूस धावत जिना उतरेल. पण वर पोहोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, दुपट्ट्याने पाय पुसले, मला म्हणाले, "पुसा," आणि मगच खाली गेले.

दोन्ही मशीनं चालू होती. दोन्हींचे दिवे लागलेले. दोन्हींचा आवाज सारखा. एका बादलीत टपटप थेंब पडत होते, दुसरीच्या वरची नळी कोरडी ठणठणीत. मी हात लावून पाहिला. नळी गारच नव्हती, आतला गॅस निघून गेला होता. भाऊ त्या मशीनवर तळहात ठेवून उभे राहिले.

"ऐका," ते म्हणाले. "असाच आवाज होता."

मी दुर्गला जाऊन मिस्त्रीला त्याच्या घरच्या पोळ्याच्या जेवणावरून उठवून आणलं. येताना वाटभर तो भाऊंच्या नावाने बोटं मोडत होता. तोवर भाऊंनी चांगलं मशीन पॅनेलांच्या अधिक जवळ सरकवून ठेवलं होतं आणि दाराशी खुर्ची टाकून बसले होते, कोणाला आत येऊ देत नव्हते. मिस्त्रीने नळीचा सांधा झाळला, गॅस भरला. पहिला थेंब पडायला वेळ लागला. आम्ही तिघं रिकाम्या बादलीकडे बघत बसलो होतो. थेंब पत्र्यावर वाजला तेव्हा मिस्त्री म्हणाला, "हो गया, जाऊँ?"

भाऊ म्हणाले, "दूसरा दिखाओ."

दिवाळीनंतर पॅनेलांचं घर तयार झालं. एकेक पॅनेल तळघरातून वर काढून तिथे नेलं. चाचणीला दुसऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. त्याच्याकडे मेगर होता, हाताने फिरवायचं मीटर. ओल शिरली असेल तर काटा शून्याकडे लोळतो. तो हँडल फिरवायचा, काटा बघायचा आणि पुढच्या पॅनेलकडे सरकायचा. प्रत्येक वेळी "ओके" म्हणायचा. आणि प्रत्येक वेळी भाऊ वाकून म्हणायचे, "दिखाइए." सुरुवातीला तो वैतागला. नंतर स्वतःच मीटर त्यांच्याकडे वळवू लागला. शेवटच्या पॅनेललाही काटा वर गेला आणि तिथेच थांबला.

साहेब म्हणाले, "लांजेवारजी, सब सूखा निकला."

भाऊंनी मान हलवली. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी दुपट्टा सारखा केला आणि म्हणाले, "मशीनं पुसून पॅक कराची हायेत." निघून गेले.

मला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर जायचं होतं. भाऊ कंपनीसोबत पुढच्या कामाला जाणार नव्हते, गावी परतणार होते. ऑफिसात जमा करायच्या तळघराच्या चाव्या घ्यायला मी दुपारी गेलो. जिन्यापाशी गोणपाट झटकून, घडी करून ठेवलेलं. छत्र्यांचे खिळे मोकळे. सवयीने मी वाकून बूट काढायला लागलो, तर पायरीवर भाऊंच्या चपला दिसल्या नाहीत. वाटलं, घरी गेले.

मग खालून आवाज आला. फट, फट, फट. मी दोन पायऱ्या उतरून डोकावलो. तळघर रिकामं होतं. कोपऱ्यातले पापड, बादल्या, सगळं उचललेलं. आणि लांजेवारभाऊ हात मागे बांधून, पायांत चपला घालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश फेऱ्या मारत होते. कोरड्या फरशीवर चपलांचा आवाज घुमत होता. मी परत वर आलो आणि त्यांच्या फेऱ्या संपेपर्यंत बाहेर उभा राहिलो.